मानसीने कडी काढली नाही

भांडुपच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीखालच्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावून बसलेलं माणूस एक तर आजारी असतं, नाहीतर रुसलेलं. बाकी सगळी दारं सताड उघडी. साखर मागायला आलेली बाई दार वाजवत नाही, सरळ आत येऊन डबा उघडते. अशा चाळीत बसून कॅमेऱ्यासमोर ऑनलाइन परीक्षा द्यायची म्हणजे मासळीबाजारात डुलकी काढायला जाणं. पण मानसीने ती दिली, आणि एकदा नाही, दोनदा.

मानसी म्हणजे सुशांतची बायको, जानकीबाईंची सून. अंधेरीच्या एका कंपनीत डेटा एंट्रीला होती. दिवाळीनंतर तो विभागच बंद होणार, असं साहेबांनी एक दिवस सगळ्यांना बोलावून सांगितलं. जो कॉम्प्युटर सपोर्टचं पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट आणेल त्याला सपोर्ट टीममध्ये घेऊ, बाकीच्यांना रामराम. मानसी लागली कामाला. भाकऱ्या थापताना मोबाइलवर धडे ऐकायची आणि राउटर म्हणजे काय, रॅम म्हणजे काय, ते सासूलाच समजावून पाठ करायची. जानकीबाई मान डोलवत म्हणायच्या, "माका काय्येक कळाक नाय, पण तू सांग."

पहिल्या वेळी तिने सगळ्या चाळीला सांगून ठेवलं होतं. खोलीत दुसरं माणूस आलं, आवाज आला, खुर्चीवरून उठलं, तर पेपर रद्द. झालं, चाळीने संचारबंदीच लावली. पलीकडच्या नानांनी मॅचचा आवाज बंद केला. जानकीबाई दाराबाहेर स्टूल टाकून राखणीला बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून हाकलू लागल्या. एवढं सगळं होऊन मानसी नापास झाली. थोडक्यात गेली, पण थोडक्यात म्हणून काय कोणी पास करतं? मग आठवडाभर नळावर तेच. "होतं गं असं." "आमच्या सपनाची पण बारावी राहिली होती." मानसीला वाटायचं, यापेक्षा कोणी दोन शिव्या घालाव्यात.

म्हणून दुसऱ्या वेळी तिने कोणालाच सांगितलं नाही. परीक्षेच्या सेंटरवर जी तारीख मिळत होती ती ऑफिसच्या मुदतीनंतरची, त्यामुळे पुन्हा घरूनच द्यायची होती. सुशांतला तर नाहीच सांगितलं, सासूलाही नाही. परीक्षेच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "आई, माझी ऑफिसची मीटिंग आहे. तुम्ही जरा शेजारी सपनाकडे जाऊन बसा ना." जानकीबाई काठी घेऊन निघाल्या. मानसीने आतून कडी लावली, पडदा ओढला. लाज झाकायला खोटं बोललं की ते खोटं कुठे जाऊन पाय पसरेल, हे बोलणाऱ्याला कधी कळत नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. जानकीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांना चाळीच्या संडासात बसता येत नव्हतं. म्हणून सुशांतने मोरी फोडून घरातच कमोड बसवला होता. चाळीत तेवढा एकच. म्हातारीची सगळी सोय त्या बंद दाराच्या आत होती आणि मानसीच्या हे डोक्यातच आलं नाही. खरं तर आलं होतं. एवढ्या वेळात काय होतंय, असं म्हणून तिने ते बाजूला सारलं होतं.

पेपर बरा चालला होता. अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात दारावर थाप पडली.

"मानशी, दार उघड गो."

मानसीने मान वळवली नाही. पुन्हा थाप. "अगो, माका आत येवचा आसा. दम धरवना नाय माका."

काय ते मानसीला लगेच कळलं. न कळायला काय झालं, रोजचीच माणसं. उठली तर पेपर गेला, पेपर गेला तर नोकरी गेली. स्क्रीनच्या कोपऱ्यात, परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या माणसाचा मेसेज आला. कोणी दार वाजवतंय का? तुमच्या घरचं कोणी आहे का?

मानसीने टाइप केलं, नाही. शेजारचं आहे, आमच्या घरचं कोणी नाही.

बाहेर आणखी एकदा काठी वाजली आणि मग सगळं शांत झालं. मानसीला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की पुढे त्या वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. गेल्या असतील कुठेतरी, तिने मनाला समजावलं. पुढचा प्रश्न होता, वैतागलेला माणूस मदतीसाठी फोन करतो, सर्वांत आधी काय कराल? तिने उत्तर निवडलं, शांतपणे त्याचं पूर्ण ऐकून घ्या. बरोबर उत्तर होतं ते.

ती पास झाली. निकाल लगेच स्क्रीनवर आला. तिने धावत जाऊन कडी काढली, तर जानकीबाई तिथेच, उंबऱ्याबाहेर पायरीवर बसलेल्या. लुगडं भिजलेलं आणि पायरीवरून ओघळ खाली गटारापर्यंत गेलेला. समोर नळावर दोन बायका भांडी घासायचं सोडून दुसरीकडे बघत होत्या. ते बघणं काय असतं, ते चाळीत राहिलेल्यालाच ठाऊक.

"पाण्याचो तांब्यो सांडलो माझ्या हातातून," जानकीबाई मोठ्याने म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तांब्या कुठे दिसत नव्हता.

मानसीने त्यांना आत नेलं, गरम पाणी काढलं, पाय धुतले. संध्याकाळी सुशांत आला, तिने सर्टिफिकेटचं सांगितलं, तो पेढे आणायला गेला. नळावरच्या त्याच बायका येऊन अभिनंदन करून गेल्या. मानसी हसली खरी. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सुशांत पेढे वाटायला बाहेर पडला तशी ती सासूजवळ जाऊन बसली. "आई, मला ऐकू येत होतं," ती म्हणाली. "तुमची हाक ऐकली मी. तरी उठले नाही. वर त्या माणसाला सांगितलं, की आमच्या घरचं कोणी नाही."

जानकीबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. हात थांबला नाही त्यांचा.

"माका ठाव होता," त्या म्हणाल्या. "खिडकीच्या फटीतसून बघितलंय मी. मीटिंग असती तर तू बोललं असतंस ना गो. तू तर गप, नजर समोर. म्हटलं, हिचो पेपर चललोहा."

"मग?"

"मग काय? हाका मारूचा बंद केलंय आणि गप बसान रवलंय."