आमच्या बजेटमधलं 'इतर'

महिन्याच्या शेवटी आमच्याकडे पैसे उरत नाहीत, किस्से उरतात. लग्नाला आठ वर्षं झाली. दर एक तारखेला मी बजेट मांडते आणि दहा तारखेच्या आसपास ते मान टाकतं. मी सोलापुरातल्या एका खाजगी शाळेत पहिलीला शिकवते. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता मी एखादा किस्सा सांगितला, की बाकीच्या बाया "थांब गं, आमच्याकडचा ऐक!" म्हणून दुसरा काढतात. घंटा होते, पण किस्से संपत नाहीत. आज घंटा नाही, म्हणून सांगून टाकते.

घरात आम्ही तिघं. मी सुप्रिया, नवरा प्रशांत आणि मुलगी गौरी. प्रशांत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणते, पण इथं प्रशांतच म्हणणार.

* * *

सुरुवातीला प्रशांतनं मोबाइलमध्ये खर्चाचं एक ॲप घेतलं. भाडं, किराणा, दूध, लाइट बिल, पेट्रोल असे त्यात कप्पे. सगळ्यात खाली एक 'इतर'. रोज जेवणं झाली की आम्ही दोघं बसून इमानेइतबारे आकडे टाकायचो.

महिना संपला तसा ॲपनं एक रंगीत गोल काढून दाखवला. भाड्याची एक फोड, किराण्याची एक फोड आणि बाकीचं अख्खं कलिंगड 'इतर'चं!

आम्ही 'इतर' उघडून बघितलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून पाण्याचे जार. गल्लीतली वर्गणी. चपलेचा अंगठा. गौरीचं खोकल्याचं औषध. अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी आइस्क्रीम. मिक्सरची दुरुस्ती.

"यातला एक तरी खर्च उगाच केलेला दाखव," मी म्हटलं.

प्रशांतनं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाला, "सुप्रिया, आपण राहतोच 'इतर'मध्ये!"

* * *

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या दुधनीजवळ खेड्यात असतात. अधूनमधून ज्वारीचं पोतं आणि तुरीची डाळ घेऊन येतात. तेवढ्या महिन्यात किराण्याचा कप्पा जरा बरा दिसतो.

एकदा त्या आल्या तेव्हा मी आकडेमोड करत बसले होते.

"काय करायलीस गं?"

"बजेट मांडतेय, आत्या."

"म्हंजी?"

"म्हणजे पैसे यायच्या आधीच ते कुठं कुठं जाणार ते लिहून काढायचं."

आत्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"आल्यावर तर जात्यातच की! आदीपासनं कशाला रडायलीस?"

* * *

ॲप बंद पडल्यावर मी पाकिटांवर आले. पगार झाला की रोख काढायची, पाकिटं भरायची आणि प्रत्येकावर लाल मार्करनं नाव घालायचं. शाळा, दूध, गॅस, औषध. ज्याचं त्याच्यात. एका पाकिटाला दुसऱ्यातलं उसनं द्यायचं नाही, असा नियम केला.

मे महिन्यात प्रशांतच्या मित्राचं, सिद्धारामचं, अक्कलकोटला लग्न होतं. आहेराचं पाकीट मी कपाटात वेगळं ठेवलं होतं. तीनशे एक. मला ताप होता, म्हणून प्रशांत एकटाच गेला आणि जेवून मजेत परत आला.

दुसऱ्या दिवशी गॅसवाला सिलेंडर घेऊन दारात उभा. मी कपाट उघडलं तर गॅसचं पाकीट गायब! आहेराचं मात्र जागच्या जागी. घाईत प्रशांतनं गॅसचं पाकीट उचलून नवरदेवाच्या हातात ठेवलं होतं. मी तापातच शेजारच्या काकूंकडून पैसे मागून आणले. प्रशांत भिंतीला टेकून उभा होता. त्याला बोलायचंसुद्धा त्राण माझ्यात नव्हतं.

तेवढ्यात सिद्धारामचा फोन आला.

"वहिनी, आहेर पोचला बरं का! लई दिला की! पण पाकिटावर 'गॅस' लिवलंय. प्रशांत मला म्हणायलाय, का त्याचं स्वतःचं पोटाचं दुखणं हाय?"

* * *

पुण्याला माझ्या मोठ्या नणंदबाई असतात, त्यांना मी वन्सं म्हणते. आम्ही तिकडं निघालो की आधी त्यांचा फोन येतो. "येताना शेंगाचटणी आण गं, कडक भाकरी आण, दोन चादरी आण. तिथं तुम्हाला स्वस्त पडतं. आणि पैसे किती झाले ते सांग हं!"

आजवर मी कधी सांगितलेलं नव्हतं. वन्संना पैसे कसे सांगायचे? पण त्या महिन्यात गौरीच्या शाळेची फी भरायची होती. मी परत आल्यावर धीर केला आणि फोन लावला.

"वन्सं, चादरी आणि चटणी मिळून अकराशे झाले."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं! आत्ता पाठवते. थांब, नंबर बरोबर आहे का बघू दे. आधी एक रुपया टाकते. आला?"

"आला, वन्सं."

"हां, मग झालं!" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तो एक रुपया आला. त्यानंतर आजपर्यंत काही आलं नाही.

* * *

आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. उन्हाळ्यात कूलर लावला तरी गरमच हवा फिरते आणि मीटर मात्र फिरायचं थांबत नाही. एका उन्हाळ्यात प्रशांतला आयडिया सुचली. संध्याकाळी कूलर बंद करायचा आणि गारेगार एसी असलेल्या मोठ्या दुकानात जाऊन दोन तास काढायचे. फुकट!

पहिल्या दिवशी नुसतेच फिरलो. दुसऱ्या दिवशी दारातला वॉचमन बघायला लागला, म्हणून बिस्किटं घेतली. तिसऱ्या दिवशी ऑफरमध्ये बादली घेतली. चौथ्या दिवशी आत्या सोबत होत्या. त्या शिरल्या शिरल्या विक्रीच्या खुर्च्यांपैकी एक ओढून एसीखाली बसल्या आणि डोळे मिटले.

दुकानातली मुलगी आली. "आजी, खुर्ची घ्यायची का?"

"घ्यायची न्हाय गं बाळा. बसायची हाय!"

आजूबाजूचे सगळे हसले. प्रशांतनं लाजेकाजेस्तव ती खुर्ची विकत घेतली. आता ती घरी असते. तिच्यावर आत्या बसत नाहीत. "लई म्हाग हाय," म्हणतात आणि फरशीवर टेकतात.

* * *

आता कारखान्यात ऑर्डरी परत आल्यात, पण मागच्या पावसाळ्यात सगळं थंडावलं होतं. प्रशांतचा पगार आधी दोन तुकड्यांत आला, नंतर एकच तुकडा यायला लागला. दुसऱ्या तुकड्याचं कुणी विचारायचं नाही, असं तिथं आपोआप ठरून गेलं. मी शाळा सुटल्यावर शिकवण्या सुरू केल्या. प्रशांत गाडी घरी ठेवून शेअर रिक्षानं जायला लागला. आम्ही कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडायचो. भांडून दमलो की गप्प बसायचो, आणि ते भांडणापेक्षा वाईट असायचं.

त्यात गौरीचा वाढदिवस आला. दरवर्षी केक, नवा फ्रॉक आणि गल्लीतली सगळी पोरं असा थाट. एका रविवारी दुपारी आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहून हिशोब करत होतो. गौरी खाली फरशीवर चित्र रंगवत होती.

तिला कळू नये म्हणून आम्ही इंग्रजीत बोलत होतो. तिला इंग्रजी यावं म्हणून आम्हीच फी भरतो, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

"फ्रेंड्स नो," मी म्हटलं. "ओन्ली केक. स्मॉल."

"फ्रॉक?"

"नेक्स्ट इयर."

"अगं, पण शी विल क्राय."

"मग तूच सांग, कुठून आणू?" हे मात्र माझ्या तोंडून मराठीत निघालं, आणि जरा मोठ्यानं.

गौरीचा हात थांबला. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग प्रशांतकडं. रंगाची कांडी खाली ठेवली आणि उठून आमच्या मधे येऊन उभी राहिली.

"आई, सहा वर्षांचं व्हायला लई पैसे लागतात का?"

मी हिशोबाचा कागद ओट्यावर पालथा ठेवला.

"मग ह्या वर्षी मी पाचचीच राहते की. पुढच्या वर्षी एकदम सातची होते."