नापासांची शिष्यवृत्ती

त्या दिवशी मी बासरला सरस्वतीच्या देवळात गेले ती दर्शनाला नव्हे, देवीशी भांडायला. हातात ओटी होती, पण मनात नुसता राग होता.

आमचे सर जाऊन वर्ष होत आलं होतं. तेलंगणातल्या गुडीहत्नूरजवळच्या आमच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवलं. मी त्यांचीच विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत शिकवते. दहावीत मी गणितात आपटले, तेव्हा घरच्यांनी माझी शाळा संपली असंच धरलं होतं. सर घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "पोरीले बासरले घेऊन चला." तिथे लहान लेकरांना मांडीवर घेऊन तांदळात पहिलं अक्षर गिरवून घेतात. सरांनी मला त्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत बसवलं. एवढी घोडी झालेली मी, लाजेनं अर्धी झाले. पण तांदळात बोट फिरायला लागलं तसं रडू आलं आणि मग फार हलकं वाटलं. नापास झालेल्या प्रत्येकाला सर असंच न्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या ओसरीवर त्याला शिकवायला बसायचे.

सरांच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवायचं आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, एकच अट घातली. पहिल्या आलेल्याला द्यायची नाही. नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसतो त्यालाच द्यायची. ऐकायला किती गोड! मी गावोगाव हिंडले, पण घेणारं कोणी भेटेना. एका घरी चहा मिळाला, वर पोहे मिळाले, आणि मुलीची आई म्हणाली, "म्याडम, तुमी माईकवर नाव घ्यान, मंग साऱ्या गावाले समजन. इच्या लग्नाचं काय करू आमी?" तिचं तरी काय चुकलं? वर्षश्राद्धाचा कार्यक्रम तोंडावर आला आणि आमची मंडळी कुरकुरू लागली. "काऊन एवढा हट्ट? हुशार पोराले देऊन टाका, फोटो बी चांगला येते." तसं झालं असतं तर फळ्यावर सरांचं नाव उरलं असतं, पण त्यात सर नसते. मला झोप लागेना. शेवटी उठले आणि बासरची बस धरली.

ओटी भरली, हळदीचा प्रसाद कपाळाला लावला आणि देवीला सरळ सांगितलं, "विद्या तुझं खातं आहे ना? मग तूच बघ. माझ्यानं होत नाही." बाहेर येऊन मंडपाशी टेकले. आत अक्षराभ्यास चालला होता. पाट्या, तांदूळ, भोकाड पसरलेली लेकरं. त्यांच्यात दोन वेण्यांची एक थोराड मुलगी मान खाली घालून बसली होती. पुजाऱ्यांनी तिच्या आईला तेलुगूत विचारलं, लेकरू कुठं आहे? बाईनं मोडक्यातोडक्या तेलुगूत ठणकावलं, हेच आमचं लेकरू. मला एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

मायलेकी बाहेर आल्या तशी मी त्यांना गाठलं. त्या बाजारहत्नूरकडच्या. सरांचं नाव बाईनं कधी ऐकलंही नव्हतं.

"असं करायला तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोन सांगन? लहानपनी इले आनलीच नोहती, आमी कापूस येचत होतो. यंदा दहावीत नापास झाली. म्या म्हनलं, राह्यलंच हाय तं आता करू."

मी शिष्यवृत्तीचं सगळं सांगितलं, माईकचंही लपवलं नाही. बाई म्हणाली, "नाव इचं हाय, इलेच इचारा." मुलीनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. मग म्हणाली, "नाव तुमी नका सांगू. मीच सांगतो."

कार्यक्रमात ती स्वतः माईकसमोर उभी राहिली. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि म्हणाली, "मी गनितात नापास झाली. आता परत अभ्यास करून राह्यली." काकू पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. तेवढ्यात मागून एक गृहस्थ उठले. बाजूच्या मुलाचा हात धरून त्यांनी त्यालाही उभं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "म्याडम, हा बी नापास हाय. पुढच्या साली याचं नाव घ्या." लोक हसले, मुलगाही हसला, आणि मग टाळ्या थांबेनात.

त्या मायलेकी त्याच दिवशी, त्याच वेळी तिथे कशा आल्या, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मी फक्त हात जोडते. देवावर भार टाकायचा तो नम्र होऊन, असं लहानपणापासून ऐकलं होतं. मी मात्र चिडून टाकला होता. देवीआईनं तेवढंही चालवून घेतलं.