निजामाकडून हरताना

सेलूतल्या आमच्या घराचा वरचा मजला आम्ही जनावरांच्या डॉक्टर मॅडमना भाड्याने दिला, तेव्हा त्यांच्या सामानात दोन लोखंडी पेट्या होत्या. एकीत भांडी असतील आणि दुसरीत औषधं, असा माझा अंदाज. दुसरीत फौज निघाली. बोटाच्या पेराएवढे शिपाई, घोडेस्वार, तोफा, दोन हत्ती. दिवसभर गाभण म्हशी तपासणाऱ्या या बाईंनी प्रत्येक शिपायाची मिशी स्वतः रंगवलेली होती.

"सर, तुम्ही इतिहास शिकवता ना?" त्यांनी विचारलं. "मग एक लढाई खेळू या."

बावीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवतोय. फळ्यावर मी एकही लढाई हरलेलो नाही. खडूने दोन बाण काढायचे, घोडदळ डावीकडून फिरवायचं, शत्रूची दाणादाण उडवायची आणि तास संपवायचा. त्यामुळे मी मोठ्या मनाने हो म्हणालो. हरल्यावर बाईंना वाईट वाटू नये, एवढीच मला काळजी होती.

टेबलावर प्लायवूड, त्यावर हिरवं कापड, कापडावर थर्माकोलच्या टेकड्या. पाळीपाळीने आपापले शिपाई पुढे सरकवायचे, अंतर टेपने मोजायचं. गोळा लागला की चुकला, शिपाई टिकला की पळाला, हे फासे टाकून ठरवायचं. मी अर्थातच मराठे घेतले. मॅडमच्या वाट्याला निजाम आला. पाऊण तासात माझं घोडदळ त्यांच्या तोफांपुढे संपलं आणि पायदळ टेबलाच्या कडेवरून पळून गेलं. मराठवाड्यात, निजामाकडून, इतिहासाचा शिक्षक हरला.

"प्रत्यक्षात असं झालं नसतं," मी म्हणालो.

"प्रत्यक्षात तुम्ही सेनापती नव्हता, सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

पुढचे पाच रविवार मी हरत राहिलो आणि दर रविवारी मला नवं कारण सापडत गेलं. पंख्याच्या वाऱ्याने फासा कलंडला. टेप शिंप्याची, वापरून वापरून सैल झालेली. म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलची आणली. तिनेही हरलो. मग संशय फाशांवर गेला. मॅडमना विचारून ते शाळेत नेले आणि मधल्या सुट्टीत शंभर वेळा टाकून पाहिले. सहकाऱ्यांना वाटलं, मी जुगाराला लागलो. फासे अगदी निर्दोष निघाले आणि याचं मला फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी मी जवळजवळ जिंकलो होतो. टेकडी माझ्या ताब्यात होती, फक्त एका फाशावर तीन किंवा जास्त पडायला हवे होते. एक पडला. मी ताडकन उठलो, मांडी टेबलाला लागली आणि निजामाचा हत्ती फरशीवर पडला. त्याची सोंड तुटली. अशा वेळी माणूस माफी मागतो. मी म्हणालो, "टेबल हलतंय तुमचं."

टेबल आमचंच होतं. खोलीबरोबर भाड्याने दिलेलं.

मॅडमनी हत्ती आणि सोंड उचलून रुमालात गुंडाळली. "आज थांबू या, सर," एवढंच बोलल्या.

पुढच्या रविवारी बोलावणं आलं नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याखाली वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, पण आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी वरून एका पुरुषाचं गडगडाटी हसणं ऐकू आलं. बायको मेथी निवडत होती. तिला सगळं माहीत होतं. वालूरचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर शेळी घेऊन दवाखान्यात आले होते. बोलता बोलता लढाईचा विषय निघाला आणि आजपासून ते दर रविवारी खेळायला येणार होते.

वरून आवाज आला, "आरं देवा, सगळेच पळायलेत की! थांबा लेकाहो, भाकरी तरी खाऊन जा!"

"जिंकायलेत वाटतं," मी म्हणालो.

"हरायलेत," बायको म्हणाली. "सकाळपासून दुसऱ्यांदा. तुमी हरला की घरात सुतक असतंय. हे हरायलेत तर मला वर जाऊन बघावं वाटायलंय."

आणि ती खरंच गेली. मेथी माझ्यापुढे ठेवून.

तिसऱ्या रविवारी मीही गेलो. जिन्यात दोनदा थांबलो. दारात उभा राहून म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी टेबल हलत नव्हतं." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची सरकवून दिली. शिक्षा मात्र झाली. त्या दिवशी त्यांनी मला ड्रायव्हर काकांसमोर बसवलं. जो माणूस आजवर एकदाही जिंकला नव्हता, त्याच्याशी खेळायचं.

मी तयारी करून गेलो होतो. हरल्यावर बोलायचं वाक्य आरशासमोर पाठ केलं होतं: "छान खेळलात. चुका माझ्याच झाल्या." अर्थात ते मॅडमसाठी होतं. काकांसमोर त्याची गरज पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तासाभरात पडली. काकांनी कसलीही योजना न करता सगळी फौज सरळ रस्त्याने, एसटी हाकावी तशी, माझ्या फौजेच्या मधोमध घातली आणि त्यांच्या फाशांवर सहावर सहा पडत गेले.

मी तोंड उघडलं. "छान खेळलात. चुका..." आणि पुढचं काही निघेना. शेवटी म्हणालो, "...फाशांच्या."

काकाच ओशाळले. "मास्तर, माफ करा. चुकून झालं."

चहा आला तेव्हा ते म्हणाले, "तीस वर्षं गाडी चालवली, मास्तर. देवगाव फाट्यावर रोज कुणाची ना कुणाची गाडी हुकायची. एखादा मागं पळत यायचा, शिव्या द्यायचा, धोंडा भिरकवायचा. एखादा झाडाखाली बसून शेंगा खायचा. हुकलेली तर दोघांचीबी हुकलेलीच. पर पुढची गाडी आली की कंडक्टर त्या शेंगावाल्यालाच सरकून जागा द्यायचा."

माझ्या मनाला हे इतकं लागलं की मी लगेच त्याचा अतिरेक केला. पुढचे दोन रविवार इतक्या सभ्यपणे हरलो की मलाच माझं कौतुक वाटलं. माझे शिपाई पडले की मी "वा!" म्हणायचो. मॅडमच्या तोफांना रस्ता मोकळा करून द्यायचो. तिसऱ्या रविवारी मॅडमनी फासे खाली ठेवले.

"सर, मुद्दाम हरताय?"

"नाही, मी हरायला शिकतोय."

"मग आधी नीट लढा," त्या चिडून म्हणाल्या. "असं हरण्यापेक्षा तुम्ही टेबल हलवत होता ते परवडलं."

काका खो खो हसले. बायको दारात उभी होती. ती तोंडाला पदर लावून हसत होती. मला राग आला आणि त्या रागात मी खरंच लढलो. घोडदळ ओढ्याआड लपवलं, मॅडमच्या तोफा चुकीच्या टेकडीकडे खेचून घेतल्या. काका खुर्चीवरून उठून उभे राहिले. शेवटच्या पाळीला मॅडमच्या सेनापतीभोवती माझे आठ स्वार होते आणि त्यातून सुटायला मॅडमना दोन्ही फाशांवर सहा पडायला हवे होते. एवढंच.

पडले. दोन्ही.

तिघंही शिपायांकडे न बघता माझ्याकडे बघत होते. माझ्या पोटात आग पडली होती. पंखा चालू होता, हे माझ्या लक्षात आलं. पण मी हात पुढे केला. "मॅडम, ती उजवीकडची तुकडी तुम्ही शेवटपर्यंत का हलवली नाहीत?"

मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी सगळे शिपाई परत जागेवर मांडले आणि माझा लपवलेला डाव त्यांना केव्हा कळला, ते एकेक पाळी उलगडून दाखवलं. चौथ्याच पाळीला कळला होता. काका मध्ये मध्ये सल्ले देत होते, सगळे चुकीचे. आम्ही जेवायला खाली उतरलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

जेवताना मी व्यवस्थित बोललो, हसलो, काकांना ठेचा वाढला. पोटातली आग मंगळवारपर्यंत गेली नाही. बायकोने विचारलं तर ठेच्यावर ढकललं.