पिचरच्या जागी उभं कोण राहणार?

बॅट हातात आली की बाई आधी तिच्यावर बोटाचं पेर वाजवायच्या. 'टक्' आवाज आला तर खेळायला, 'ठण्ण' आला तर बाजूला. संगमनेरच्या आमच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या, मी विज्ञान. बेसबॉलच्या सामन्यांना गुण लिहायला मलाच बसवायच्या, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं.

आधी असं नव्हतं. देणगीतून आलेल्या धातूच्या बॅटी त्यांनीच हौसेनं बाहेर काढल्या होत्या. चेंडू सुसाट जायचा, पोरी खूश. एका सरावात तसाच टोला पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या, तोंडावर बसला. हात वर न्यायलाही तिला वेळ मिळाला नाही. जबडा मोडला, दोन दात गेले. दवाखान्यात बाई तिच्या आईसमोर जाऊन म्हणाल्या, "चूक माझी हाय."

दुसऱ्या दिवशी त्या बॅटी कपाटात गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो बाई, लाकडी मोडतात."

"मोडू द्या. बॅट दुसरी मिळंल, जबडा कुठून आणू?"

पुढच्या स्पर्धेत समोरचा संघ धातूच्याच बॅटी घेऊन आला. बाईंनी आमच्या मुलींना मैदानाबाहेर थांबवलं. संयोजक धावत आले. "बाई, नियमात बसतंय हे."

"मग पिचरच्या जागी तुमी उभे राहा. पाच टोले झेला, लगेच संघ उतरवते."

संयोजकांनी बॅट घेतलेल्या उंचापुऱ्या मुलीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. दहा मिनिटांनी सामना समोरच्यांना देऊन टाकला.

परतीच्या जीपमध्ये पोरी रडत होत्या. प्रमाणपत्र गेलं, परीक्षेतले वाढीव गुण गेले. एक तर ओरडलीच, "मॅडम, तुमी आमचं वर्ष घालवलं!"

"व्हय, घालवलं. दे शिव्या. द्यायला तोंड शाबूत हाय ना? बास."

मग त्या खिडकीकडे वळून बसल्या. डोळे पुसताना मी पाहिलं. तुम्ही कुठं बोलू नका.

निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी त्यांच्या ढाली मोजल्या. बाई उठल्या. "सोडलेला सामना कुणी सांगितला न्हाई. आजही सोडीन." जीपमध्ये ओरडलेली मुलगी मागच्या रांगेत होती. पहिली टाळी तिची.

पाच वाजले होते. बाईंनी हार काढून टेबलावर ठेवला, नव्या साडीचा पदर खोचला आणि शेवटच्या सरावाला निघून गेल्या.

सोमवारी पाच वाजता पोरी मैदानावर रांगेत उभ्या होत्या. शिट्टी कुणी वाजवायची, हे कुणालाच कळेना.