पत्ते वाटणारं मशीन

चिकपेटच्या त्या साड्यांच्या दुकानात मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. ठेवलं असतं तर सोपं झालं असतं, निदान आरडाओरडा करता आला असता. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात राहिलेलं. घरात मराठी, पण निम्मी कन्नडात भिजलेली. मी निपाणीकडची, कॉम्प्युटरचं शिकून आलेली. मला ते तंगी म्हणायचे. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. मराठीत तंगी म्हणजे काय ते सांगायला नको, आणि मला दोन्ही अर्थ लागू पडत होते.

राहायला मी त्यांच्याच जयनगरच्या घरात, गच्चीवरच्या खोलीत. करारबिरार काही नाही. ‘आपल्यात कसला गं करार?’ असं अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि हातात चित्रान्नाचा डबा ठेवला. माझ्या आधार कार्डावरचा पत्तासुद्धा त्यांच्याच घराचा. त्यामुळे नोकरी सोडायची म्हणजे खोली सोडायची, आणि तीही अक्कांच्या तोंडाकडे बघत. इंदिरानगरच्या एका कंपनीत मला काम मिळालं होतं. काम फार निराळं होतं अशातला भाग नाही. पण तिथं मला कुणी बहीण म्हणणार नव्हतं, आणि मला त्याचीच ओढ लागली होती.

अडचण दुकानातल्या नेटवर्कची होती. तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरला, बिलाच्या प्रिंटरला, बारकोडच्या मशीनला एकेक आकडी पत्ता लागतो. ते सगळे हाताने घातलेले होते, आणि कुठला पत्ता कुणाचा ते फक्त माझ्या डोक्यात होतं. नवीन मशीन आलं की कुणीतरी अंदाजाने आकडा ठोकून द्यायचं, दोघांचा पत्ता एकच व्हायचा आणि बिलं अडकायची. मग माझा फोन वाजायचा. मावसबहिणीच्या हळदीत वाजला, मी तापाने फणफणले होते तेव्हाही वाजला. ‘तंगी, स्वल्प बघ गं,’ अण्णा म्हणायचे. स्वल्प म्हणजे थोडंसं. त्या थोड्याशात माझा अख्खा रविवार जायचा. संताप संताप व्हायचा, पण इतक्या गोड आवाजावर चिडायचं कसं हे मला कधी जमलं नाही.

म्हणून मी ठरवलं, निघण्याआधी डीएचसीपी सर्व्हर बसवायचा. म्हणजे असं मशीन, की नेटवर्कवर कुणीही नवीन आलं की ते स्वतःच त्याला मोकळा पत्ता देतं. मग माझ्या डोक्याची गरज उरणार नव्हती. अण्णांना सांगितलं, ‘एक मशीन सगळ्यांना पत्ते वाटणार.’

‘पत्ते? दुकानात जुगार?’ ते म्हणाले, आणि गादीवरची सगळी माणसं हसली. मीही हसले. माझ्या सुटकेची तयारी त्यांच्याच परवानगीने चालली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुकान बंद असताना एक जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात लावला. कुठल्या आकड्यापासून कुठल्यापर्यंत वाटायचं ते ठरवलं, प्रिंटरांचे आकडे राखून ठेवले, म्हणजे ते बदलणार नाहीत. मग मुदत घातली. हा पत्ता कायमचा मिळत नाही, भाड्याने मिळतो. मुदत निम्मी सरली की पत्ता घेतलेलं मशीन पुन्हा विचारतं, राहू का? मला त्या मशीनांचा हेवा वाटला. त्यांना निदान मुदत तरी होती.

खालच्या मजल्यावर सगळं सुरळीत झालं. वरच्या मजल्यावरचे कॉम्प्युटर मात्र भलतेच आकडे दाखवायला लागले, मी दिलेच नव्हते असले. म्हणजे दुसरं कुणीतरी वाटत होतं. वायरीच्या मागे मागे जात गोदामात पोचले, तर इरकलच्या गठ्ठ्यांमागे एक छोटा राउटर लुकलुकत स्वतःचे पत्ते वाटत होता. अण्णांनीच कधीतरी स्वस्तात मिळाला म्हणून आणून लावला होता. इतके दिवस सगळ्यांचे पत्ते हाताने घातलेले, म्हणून त्याला कुणी विचारत नव्हतं. मी मशीनांना विचारायला शिकवलं आणि त्याने लगेच उत्तरं द्यायला सुरुवात केली. मी त्याची पिन उपटली. एवढं सुख मला त्या दुकानात कधी झालं नव्हतं.

त्या आठवड्यात एकदाही फोन आला नाही. सोमवारी इंदिरानगरला हजर व्हायचं होतं. आता बोलणं भाग होतं. ‘नोकरी सोडते’ हे शब्द घशाशी येऊन परत जात. आमच्याकडे साधं शेजारी जाऊन परतताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. अशा तोंडाने ‘सोडते’ म्हणायचं कसं? मी पुस्तकातला सभ्य शब्द शोधला, खोलीत चारदा म्हणून पाहिला, आणि अण्णांच्या गादीपाशी जाऊन एका दमात बोलले, ‘अण्णा, आता सगळं मार्गी लागलंय. मी तुमची रजा घेते.’

‘अगं घे की! विचारतेस काय?’ ते म्हणाले.

क्षणभर मला वाटलं, सुटले. पण अण्णांच्या कानाला रजा म्हणजे सुट्टी, दुसरा अर्थच नाही. ‘सरी, ठीक आहे. आता पत्ते वाटायला मशीन आहे,’ ते पुढे म्हणाले. ‘तुला गावी जायला मिळत नव्हतं, ते मला दिसत नव्हतं होय? आईकडं राहून ये.’ मग साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडले, ‘तंगिगे रजे!’ सगळ्यांना आनंद झाला. तिथल्या तिथे माझं बसचं तिकीट काढलं गेलं. अक्कांचा फोन आला, येताना बेळगावचा कुंदा आण म्हणून. तसं नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, ‘तू हे केलंस म्हणून मला आता धीर आलाय. जयनगरला दुसरं दुकान काढतोय. तिथंही तूच बघायचंस.’ आणि मी म्हणाले, ‘बरं.’

बस हुबळीच्या पुढे गेली तेव्हा इंदिरानगरच्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला. जुनं काम सोडलंत ना, सोमवारी येताय ना, त्या विचारत होत्या. शेजारचं सीट रिकामं होतं. अण्णा नव्हते, अक्का नव्हत्या, माझं बोलणं ऐकणारं ओळखीचं कुणीही नव्हतं.

‘सॉरी मॅडम,’ मी म्हणाले, ‘मी सध्या रजेवर आहे.’