कानात सांगायची गोष्ट

पारवाली आत्याला हळू बोलता येतच नसे. तिने आपल्या अंगणात सुनेला हाक मारली की आमच्या चुलीपाशी मी ‘ओ’ द्यायची. कुणी म्हटलं, “आत्या, जरा हळू,” तर म्हणायची, “कायले? चोरी करून रायलो का?”

आमचं गाव कोहमाऱ्याहून बरंच आत, तलावाचं. धानाला पाणी सोडायचं तेव्हा सगळे तलावाच्या पारेवर, म्हणजे मातीच्या उंच बांधावर बसत, आणि ठरायचं ते उघड्यावर, सगळ्यांदेखत. तिथली एक रीत होती. ज्याची बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, शेवटची, त्याने आधी बोलायचं, कारण पाणी त्याच्यापर्यंतच पोचत नाही. नवरा गेल्यावर शेवटची बांधी आत्याची, म्हणून पुरुषांच्या त्या बैठकीत ही एकटी बाई पहिली बोलायची. म्हणून ती पारवाली.

नागपूरकडून सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या संशोधनाची मंडळी आली तेव्हा गावाने आधी दारं लावून घेतली. रक्त नेतात आणि विकतात, अशी आवई उठली होती. आत्याच पुढे झाली. तिचा धाकटा मुलगा लहानपणी हाडं दुखून दुखून गेला होता. कुणी बाहेरचं म्हटलं, कुणी वात म्हटला. ती त्या मंडळींतल्या डॉक्टरबाईला म्हणाली, “माझा पोट्टा काऊन गेला, ते मले कोणी सांगतलं नाही. रक्त घ्या, पण काय निघलं ते गावात येऊन सांगा. नाही त येऊच नका.”

डॉक्टरबाई तरुण होती, पण कानाची मोकळी. गावाची समिती केली, आत्याला त्यात घेतलं, काय विचारावं, कसं विचारावं, सगळं आत्याला पुसून. आत्याने पारेची रीत तिथेही लावली. टोकाच्या घरापासून सुरुवात. “ज्याच्याकडे कोणी जात नाही, त्याच्याकडे आधी जा,” म्हणायची. तिच्या शब्दावर अख्ख्या गावाने दंड पुढे केला.

रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाली, “आत्या, हे एकेकाला वेगळं सांगावं लागतं.”

“काऊन? पाण्याची पाळी आमी कानात सांगतो का? पारेवर वाचा. एकाचं लपवलं त दुसरा म्हणल, माझं बदललं.”

बैठकीत सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. डॉक्टरबाईने पुष्कळ समजावलं, शेवटी गावाचं ठरलं म्हणून मान तुकवली.

पारेवर पहिलं नाव आत्याचंच. वाहक. वाहक म्हणजे स्वतःला आजार नाही, पण जोडीदारही वाहक असला तर लेकराला होऊ शकतो. आत्या उभी राहून ओरडली, “आयकलं ना? मी वाहक! हाय का काही झालं मले?” सगळे हसले. पुढे नावं येत गेली, आणि त्यात सुषमाचं आलं, तीही वाहक. सुषमा म्हणजे आत्याच्या थोरल्या मुलाची पोर. साक्षगंध झालेलं. ती त्या वेळी घरी धान वाळवत होती.

गर्दीत तिच्या होणाऱ्या सासरचा कुणी पाहुणा होता. ‘वाहक’चं वाटेत ‘रोगी’ झालं, आणि सोयरीक मोडली. डॉक्टरबाई स्वतः त्या घरी समजावायला गेली, आत्या गेली. त्यांनी पाणी दिलं, पण ‘बसा’ म्हटलं नाही.

सुषमा भांडली नाही. तिने आजीशी बोलणं सोडलं. ताट वाढायची, पाय चेपायची, पण शब्द नाही. आत्या एकदा माझ्याजवळ म्हणाली, “गावभर टोकाची बांधी शोधत फिरलो वं. ते त माझ्याच घरात होती. तिलेच नाही ईचारलं.”

पुढच्या गावांत आत्या स्वतः डॉक्टरबाईबरोबर हिंडली. रिपोर्ट घरात, ज्याचा त्यालाच. ही अंगणात पाठ करून उभी, आणि शेजारी डोकावले की गरजायची, “जा ना घरी! इथं काय दंडारीचा खेळ हाय?” मग न येणारेही यायचे. डॉक्टरबाई कपाळाला हात लावायची.

पुढे सुषमाचं लग्न झालं. मुलगा आपण होऊन तपासणी करून आलेला, त्याचा रिपोर्ट चांगला निघाला. तरी आजी-नातीत शब्द नव्हता.

मग आत्याच्या पोटात गाठ झाली. गोंदियाच्या दवाखान्यात मी तिच्याजवळ होते, सुषमाही आलेली. डॉक्टर भरल्या वॉर्डात कागद उघडून म्हणाला, “इनके साथ कौन है?”

आत्याने हात वर केला. “थांबा गा डॉक्टर. इथं नको. माझ्या नातीले सांगा. तिले वाटलं त ते मले सांगल.”

सुषमा डॉक्टरमागे व्हरांड्यात गेली. बऱ्याच वेळाने आली, खाटेवर बसली, आजीच्या कानावरचा पदर बाजूला केला आणि वाकून काहीतरी सांगितलं. आत्याने ऐकलं. मग तिचं डोकं जवळ ओढून तीही तिच्या कानात बोलली.

मी शेजारच्या स्टुलावरच बसले होते. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.