राहू दे

इंग्रजीत 'हाउस' हे क्रियापदही आहे, हे मला लेकीच्या अभ्यासामुळे कळलं. माणसाला हाउस करतात, लॉज करतात, अकोमोडेटही करतात.

"बाबा, आपण आजीला यातलं काय केलंय?" तिने सहज विचारलं.

आई हॉलमधल्या दिवाणावर गवार निवडत होती. दिवाणाखाली तिची बॅग होती. गावाहून येऊन वर्ष झालं, तरी कपडे अजून बॅगेतच.

"मला ठेवलंय गं," आई हसून म्हणाली.

शब्द माझाच. 'आईला आमच्याकडे ठेवलंय,' असं मीच फोनवर सगळ्यांना सांगतो. ठेवतात ते सामान.

मी उठून कपाटातला माझा कप्पा रिकामा करू लागलो.

"राहू दे रे," आई म्हणाली.

ती कपाटाबद्दल म्हणाली की स्वतःबद्दल, हे विचारायचीही मला लाज वाटली.